अतिचंचल मूल आणि त्याचे अवधान

'अवधान' हा शब्द मराठी माणसाला नवा नाही. ज्ञानेश्वर महाराजांनी नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे मागितले ते अवधानच. एकाच वेळी अनेक गोष्टींकडे लक्ष पुरविणाऱ्या माणसाला आपण अष्टावधानी म्हणून गौरवितो. मात्र एकाच गोष्टीकडे दहा मिनिटे लक्ष देणे ज्याला जमत नाही, त्या मुलासाठी आपल्या बोलीत बरा शब्द सापडत नाही. वांड, धांदरट, वेंधळा, उपद्व्यापी अशी विशेषणे त्याच्या वाट्याला येतात आणि आठ-दहा वर्षे ती सतत ऐकल्यावर ते मूल तीच आपली ओळख मानू लागते.

अशा मुलांपैकी काहींना एक निश्चित, ओळखता येणारा आणि उपचार करता येणारा विकार असतो. वैद्यकशास्त्रात त्यास 'अवधान-न्यूनता अतिचंचलता विकार' म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून रूढ झालेले त्याचे नाव एडीएचडी. या विकाराचा परिचय, त्याच्या निदानाची शिस्त आणि घर, शाळा व दवाखाना यांनी मिळून करावयाचे उपचार यांविषयी सुरतेतील आपल्या समाजाच्या संदर्भात काही विचार येथे मांडावयाचे आहेत.

हा विकार नवा आहे काय?

"आमच्या वेळी असले काही नव्हते," असे वडीलधारी मंडळी म्हणतात. वस्तुतः १७९८ साली स्कॉटिश वैद्य अलेक्झांडर क्रायटन यांनी एकाग्रता न साधणाऱ्या रुग्णांचे वर्णन केले आहे. १९०२ मध्ये लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी, बुद्धी चांगली असूनही स्वतःवर ताबा ठेवता न येणाऱ्या मुलांविषयी व्याख्याने दिली. १९३७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांना उत्तेजक वर्गातील एका औषधाने अशी मुले शांतपणे अभ्यास करू लागल्याचे दिसले आणि औषधोपचाराची वाट खुली झाली. १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात 'अवधान-न्यूनता' हा शब्द आला व १९८७ मध्ये आजचे नाव रूढ झाले. थोडक्यात, विकार जुना आहे. तो पारखण्याची आपली दृष्टी मात्र नवी आहे.

२००७ मध्ये जगभरातील अभ्यासांच्या एका मोठ्या आढाव्यात मुलांमधील प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास आढळले. २०१३ मध्ये कोईमतूरच्या चार शाळांतील पाहणीत प्राथमिक वर्गांतील ११ टक्क्यांहून अधिक मुलांत तो दिसून आला. पाहणीची पद्धत बदलली की आकडा बदलतो, हे खरे. परंतु ५ टक्के एवढाच अंदाज धरला, तरी साठ मुलांच्या वर्गात अशी तीन मुले बसलेली असणार. त्यांतील किती आपल्या दवाखान्यापर्यंत पोहोचतात, याचा विचार प्रत्येक डॉक्टरने आपल्या मनाशी करावा.

मेंदूत काय घडते?

मेंदूच्या पुढच्या भागाकडे योजना आखणे, थांबणे, क्रम लावणे, मोह आवरणे अशी कामे असतात. या भागाला खोलवरच्या केंद्रांशी जोडणाऱ्या मार्गांत डोपामिन व नॉरएपिनेफ्रिन या रसायनांचे कार्य या विकारात वेगळ्या रीतीने चालते. २००७ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी मुलांच्या मेंदूची चित्रे अनेक वर्षे घेऊन दाखविले की, या मुलांत मेंदूच्या बाह्यस्तराची वाढ इतरांप्रमाणेच क्रमाने होते. मात्र ती सरासरी तीन वर्षे उशिराने होते. म्हणून दहा वर्षांच्या अशा मुलाकडून दहा वर्षांच्या संयमाची अपेक्षा करणे, हे सातवीचा पेपर चौथीच्या मुलापुढे ठेवण्यासारखे आहे.

सुरतकरांना समजेल असे उदाहरण द्यावयाचे, तर यंत्रमागाचे देता येईल. आडव्या बाण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. ही थांबविणारी योजना सैल झाली तर मोटर उत्तम असूनही माग चालतच राहतो आणि कापड बिघडते. त्या वेळी मोटरला दोष देऊन काय उपयोग? या मुलांची बुद्धी ही मोटर आहे आणि ती बहुधा शाबूत असते. सैल आहे ती थांबविणारी योजना.

यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून तो ७० ते ८० टक्के मानला जातो. अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मतः कमी वजन, गरोदरपणी तंबाखू वा मद्य यांचा संपर्क आणि शिशाची बाधा हे घटकही संबंधित आहेत. साखर खाल्ल्याने, आईने लाड केल्याने किंवा वडील कडक नसल्याने हा विकार होत नाही. आपल्या घरांतून दोषाचे बोट बहुतेक वेळा आईकडे वळते. तिच्यावरचा हा आरोप डॉक्टरने सर्वांसमक्ष, स्पष्ट शब्दांत दूर करावा. उपचाराची सुरुवात तेथूनच होते.

ओळखावे कसे?

लक्षणांचे दोन गट आहेत. पहिल्या गटात अवधानाची उणीव येते: क्षुल्लक चुका होणे, काम अर्धवट सोडणे, वही-पेन्सिल-डबा हरवणे, समोरून बोललेले न ऐकल्यासारखे वाटणे, रोजची कामे विसरणे. दुसऱ्या गटात अतिचंचलता व उतावीळपणा येतो: जागेवर न बसणे, हातपाय सतत हलविणे, प्रश्न संपण्यापूर्वीच उत्तर देणे, आपली पाळी येईपर्यंत थांबता न येणे, दुसऱ्याच्या बोलण्यात वा खेळात घुसणे.

प्रत्येक गटात नऊ लक्षणे दिलेली आहेत. २०१३ च्या अमेरिकन निकषांनुसार कोणत्याही एका गटातील किमान सहा लक्षणे (सतरा वर्षांवरील व्यक्तीत पाच) सहा महिने वा अधिक काळ असावीत. काही लक्षणे बारा वर्षांच्या आत सुरू झालेली असावीत. ती घर, शाळा यांसारख्या दोन किंवा अधिक ठिकाणी दिसावीत आणि त्यांमुळे मुलाच्या जीवनात प्रत्यक्ष अडथळा यावा. या अटी ध्यानात ठेवल्या, तर प्रत्येक खोडकर मुलावर रोगाचा शिक्का मारण्याची चूकही टळेल.

मुलींच्या बाबतीत विशेष सावध राहावे. त्यांच्यात चंचलतेपेक्षा अवधानाची उणीव अधिक दिसते. खिडकीबाहेर पाहत शांत बसणारी मुलगी वर्गात कोणाला त्रास देत नाही, म्हणून तिची तक्रार येत नाही. 'अभ्यासात जेमतेम' एवढ्या शेऱ्यावर तिची शाळा सुटते.

पालकांचा नेहमीचा प्रश्न असा: "डॉक्टरसाहेब, मोबाइलवर हा दोन तास हलत नाही, मग अभ्यासातच लक्ष कसे नाही?" मोबाइलवरील खेळात दर काही सेकंदांनी नवे दृश्य आणि लगेच बक्षीस मिळते, तेथे लक्ष खेचले जाते. पाढे लिहिताना ते स्वतः लावावे लागते. या मुलांची अडचण दुसऱ्या प्रकारात आहे. त्यामुळे मोबाइलवर बसणे हा विकार नसल्याचा पुरावा ठरत नाही.

आपल्या वस्तीतील निदानाच्या अडचणी

उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली हजारो कुटुंबे आहेत. घरात अहिराणी, शाळेत मराठी किंवा गुजराती, रस्त्यावर हिंदी आणि शिकवणीत इंग्रजी अशा चार भाषांत मूल वाढते. महानगरपालिकेच्या शिक्षण समितीच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, ही आपली मोठी सोय. तरीही अनेक पालक अन्य माध्यम निवडतात. जळगाव-धुळ्याच्या गावातून वर्षाच्या मध्यास आणून गुजराती वर्गात बसविलेले मूल फळ्याकडे पाहत नसेल, तर त्याला भाषा कळत नाही ही शक्यता प्रथम तपासावी. असे मूल स्वतःच्या भाषेतील गोष्ट मन लावून ऐकते आणि त्याची तक्रार शाळा बदलल्यापासूनच सुरू झालेली असते. एडीएचडीचे मूल मात्र गावच्या शाळेतही तसेच होते.

झोपेचेही तसेच. एका खोलीचे घर, वडिलांची रात्रपाळी, उशिरापर्यंत चालू दूरदर्शन संच. रोज सहा तास झोपणारे मूल दुसऱ्या दिवशी सुस्त न होता उलट चिडचिडे व चंचल होते. औषधाच्या चिठ्ठीआधी दोन आठवडे झोप सुधारून पाहावी.

या निदानात आजीचे एक वाक्य फार मोलाचे असते: "काही नाही हो, ह्याचा बापही लहानपणी असाच होता!" आजी ते विकार नसल्याचा दाखला म्हणून सांगते. डॉक्टरने मात्र ते आनुवंशिकतेचा धागा म्हणून टिपून घ्यावे आणि पुढचा प्रश्न विचारावा: "मग त्यांचे शिक्षण किती झाले?"

कुटुंबाच्या डॉक्टरने काय तपासावे?

एडीएचडीची रक्तचाचणी नाही, तसेच नेहमीच्या वापरासाठी मेंदूचा आलेख किंवा स्कॅनही लागत नाही. निदान इतिहासावर होते. आई-वडील व शिक्षक या दोघांकडून माहिती घेतल्याशिवाय ते पुरे होत नाही. सहा ते नऊ वर्षांच्या भारतीय मुलांसाठी 'इन्क्लेन' या संस्थेच्या पुढाकाराने तयार झालेली निदान-प्रश्नावली उपलब्ध आहे. तत्पूर्वी पुढील गोष्टी तपासाव्यात.

१. श्रवण व दृष्टी. वारंवार कान वाहणारे मूल 'ऐकत नाही' याचा अर्थ कधीकधी शब्दशः घ्यावा लागतो.
२. रक्तक्षय व लोहाची कमतरता.
३. घोरणे, तोंडाने श्वास घेणे. वाढलेले टॉन्सिल व ॲडिनॉइड.
४. काही सेकंद टक लावून थांबणे, हाक व स्पर्श यांना प्रतिसाद न देणे. येथे अपस्माराचा सूक्ष्म प्रकार असू शकतो आणि मेंदूचा आलेख काढणे आवश्यक ठरते.
५. चालू औषधे. झटक्यांसाठी दिलेले फेनोबार्बिटोन, दम्यासाठीचे सॅल्ब्युटामॉल किंवा थिओफिलिन यांनीही मूल अस्वस्थ होते.
६. अध्ययन-अक्षमता, बौद्धिक विकासातील उणीव, स्वमग्नता, चिंता व नैराश्य. यांपैकी काही विकार एडीएचडीच्या सोबतही असतात.
७. घरातील मारहाण, व्यसन वा अलीकडचा वियोग.

उपचार : घर आणि शाळा

सहा वर्षांखालील मुलांत प्रथम पालक-प्रशिक्षण द्यावे, औषध नव्हे. मोठ्या मुलांतही औषधासोबत ते चालूच ठेवावे. त्याची सूत्रे साधी आहेत, परंतु ती रोज पाळावी लागतात.

स्वयंपाकघरातून ओरडून सूचना देऊ नये. मुलाजवळ जाऊन, त्याच्या डोळ्यांत पाहून, एका वेळी एकच गोष्ट सांगावी. "आवर लवकर" या आज्ञेत पाच कामे दडलेली असतात. "आधी दप्तरात वही ठेव" ही एक आहे. सकाळचा क्रम चित्रांसह भिंतीवर लावावा. अभ्यास पंधरा मिनिटांचा, मग पाच मिनिटे उठून हालचाल, असे तुकडे करावेत; समोर घड्याळ ठेवावे. चांगले वागल्यास कौतुक त्याच क्षणी करावे. परीक्षेनंतर सायकल देण्याच्या वचनापेक्षा आज संध्याकाळी तक्त्यावर मिळणारा एक तारा या मेंदूला अधिक उमगतो. शिक्षा थोडी, ठरलेली आणि शांतपणे दिलेली असावी. घरात आजी-आजोबा, काका-काकू असतील तर सर्वांनी एकच नियम पाळावा, अन्यथा मूल न्यायालये बदलत राहते!

शिक्षकांनी अशा मुलास पहिल्या बाकावर, खिडकी-दारापासून दूर बसवावे. फळा पुसणे, वह्या वाटणे अशी कामे देऊन त्याच्या हालचालीला वाट करून द्यावी. दहा गणितांऐवजी पाच द्यावीत, पण ती पूर्ण करून घ्यावीत. दैनंदिनीत रोज एक चांगली ओळ लिहावी. कारण त्या दैनंदिनीत पालकांनी आजवर फक्त तक्रारी वाचलेल्या असतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई आहे, हेही सर्वांना ठाऊक असावे.

उपचार : औषधे

मिथिलफेनिडेट हे १९४४ मध्ये तयार झालेले औषध आजही या विकारात सर्वाधिक अभ्यासलेले आहे. सुमारे ७० टक्के मुलांत त्याचा चांगला गुण येतो. साध्या गोळीचा परिणाम अर्ध्या ते एक तासात सुरू होऊन सुमारे चार तास टिकतो. दीर्घकाळ काम करणारे प्रकारही आहेत. भूक मंदावणे, झोप उशिरा लागणे, पोट वा डोके दुखणे हे नेहमीचे दुष्परिणाम होत. म्हणून गोळी न्याहारीनंतर द्यावी आणि उंची, वजन, नाडी व रक्तदाब यांची नोंद ठेवावी. आरंभापूर्वी चक्कर येऊन पडण्याचा वा कुटुंबात तरुणपणी अचानक हृदयमृत्यू झाल्याचा इतिहास आवर्जून विचारावा. हे औषध आपल्याकडे शेड्यूल एक्समध्ये असल्याने ते प्रत्येक दुकानात मिळत नाही. तेव्हा गोळ्या संपण्याच्या आठवडाभर आधीच सोय करण्यास पालकांना सांगावे.

ॲटोमॉक्सेटिन हे उत्तेजक वर्गात न मोडणारे औषध आहे. सत्तर किलोखालील मुलांत प्रतिकिलो ०.५ मिलिग्रॅमपासून आरंभ करून ते १.२ मिलिग्रॅमपर्यंत वाढवितात. त्याचा पूर्ण परिणाम दिसण्यास चार ते सहा आठवडे लागतात. आठवड्याभरात "गुण नाही" म्हणून सोडू नये. मनःस्थितीतील बदल व आत्मघाताचे विचार यांवर, विशेषतः सुरुवातीस, लक्ष ठेवावे. क्लोनिडिन काही मुलांत उपयोगी पडते. मात्र ते एकाएकी बंद करू नये.

१९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ५७९ मुलांच्या अभ्यासात, काटेकोरपणे दिलेले औषध हे मूळ लक्षणांवर केवळ वर्तनोपचारापेक्षा अधिक प्रभावी ठरले. औषध व वर्तनोपचार एकत्र दिलेल्या गटात काही अन्य बाबतींत अधिक लाभ झाला आणि औषधाची मात्राही कमी लागली. चौदा महिन्यांचा हा काटेकोर उपचार थांबल्यावर, तीन वर्षांनी पाहता, गटांमधील हा फरक उरला नव्हता. औषध चष्म्यासारखे आहे. डोळ्यावर असेपर्यंत दिसते. वाचावयास मात्र शिकवावेच लागते.

"याची सवय लागेल का?" ही भीती सार्वत्रिक आहे. वैद्यकीय देखरेखीखाली योग्य मात्रेत उपचार घेतलेल्या मुलांत पुढे व्यसनाधीनता वाढत असल्याचे दीर्घकालीन अभ्यासांत आढळलेले नाही. उलट स्वीडनमधील २५,६५६ रुग्णांच्या २०१२ मधील अभ्यासात, औषध चालू असलेल्या काळात पुरुषांतील गुन्ह्यांचे प्रमाण ३२ टक्क्यांनी कमी दिसले. खरा धोका उपचार न मिळालेल्या मुलाला अधिक असतो: अपघात, शाळागळती आणि वाईट संगत.

आपल्याकडील एक विशेष अडचण सुट्ट्यांची. दिवाळीत व मे महिन्यात मुले भुसावळ गाडीने गावी जातात आणि गोळ्या सुरतेतच राहतात. सुट्टीत औषध थांबवावयाचे असल्यास तो निर्णय डॉक्टरांशी बोलून घ्यावा. आणि चालू ठेवावयाचे असल्यास चिठ्ठीची प्रत व पुरेशा गोळ्या सोबत द्याव्यात. गावच्या आजोळी कोणीतरी "डोक्याच्या गोळ्या कशाला?" म्हणून त्या बंद करील, हे गृहीत धरून आधीच समजावून सांगावे.

सवलती आणि कायदा

महाराष्ट्र शासनाने १९९६ पासून अध्ययन-अक्षम विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत औपचारिक सवलती दिल्या आणि मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या केंद्रांत अशा मुलांच्या तपासणीची परंपरा निर्माण झाली. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यातील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन-अक्षमतेचा समावेश आहे, एडीएचडीचा स्वतंत्रपणे नाही. म्हणून एडीएचडीसोबत अध्ययन-अक्षमता आहे का, हे वेळीच तपासून घेणे मुलाच्या हिताचे असते. दहावीच्या परीक्षेला दोन महिने उरले असताना प्रमाणपत्रासाठी धावाधाव करण्यापेक्षा तिसरी-चौथीतच तपासणी व्हावी.

२०१३ मध्ये पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी-यादीत एडीएचडीचाही अंतर्भाव आहे. सुरतेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे नवे सिव्हिल रुग्णालय व महानगरपालिकेचे स्मीमेर येथे मानसोपचार विभाग आहेत. २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक पालकांना लिहून द्यावा.

मोठ्यांचे काय?

अनेक मुलांत अतिचंचलता वयानुसार ओसरते. विसराळूपणा, दिरंगाई आणि उतावीळपणा मात्र बहुतेकांत कमीअधिक प्रमाणात प्रौढपणीही राहतो. वारंवार नोकरी बदलणारा, हिशेब अर्धवट ठेवणारा, क्षणात संतापून क्षणात पस्तावणारा बाप मुलाच्या तपासणीस येतो आणि प्रश्नावली ऐकताना स्वतःच गप्प होतो. अशा वेळी त्यालाही तपासणीचा सल्ला द्यावा. बापाला स्वतःची अडचण कळली, तर मुलावर उगारलेला हात खाली येण्यास मदत होते.

आपले कर्तव्य

आपल्या समाजातील पालक मुलाच्या चंचलपणासाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे थेट जात नाहीत. ते सर्दी-तापासाठी गल्लीतल्या डॉक्टरकडे येतात आणि जाता जाता उंबऱ्यावरून म्हणतात, "हा फार मस्ती करतो, काही टॉनिक द्या ना." ते एक वाक्य ऐकून आपण खुर्ची पुढे करतो की टॉनिक लिहितो, यावर त्या मुलाची पुढची दहा वर्षे अवलंबून असतात. कारण आपल्या शहरात शाळेतून बाहेर पडलेल्या पोरासाठी साडीचे दुकान आणि लूमचा कारखाना यांची दारे नेहमीच उघडी असतात. एकदा तेथे गेलेला मुलगा वर्गात सहसा परत येत नाही.

म्हणून आपल्या सभासदांनी लक्षणांची एक मराठी यादी आपापल्या टेबलावर ठेवावी आणि दर जून महिन्यात जवळच्या मराठी शाळेत शिक्षकांसाठी तासाभराचे वर्ग घ्यावेत. एवढे झाले, तरी पहिली-दुसरीतील अनेक मुले वेळेवर हाती लागतील. या मुलांना अवधान देता येत नाही. तूर्त त्यांच्याकडे अवधान देणे आपल्या हाती आहे. ते आपण द्यावे, हीच विनंती.